सुपर बोल ५९: माहोम्सवर धावून जावे की चौघांवरच भागवावे?

मुळाकाठ | ४ फेब्रुवारी २०२५, रात्री ८.४०

येत्या रविवारी, ९ फेब्रुवारीला, न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, फिलाडेल्फिया ईगल्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स पुन्हा समोरासमोर येत आहेत. दोन वर्षांपूर्वी ॲरिझोनात चीफ्सनी ३८-३५ असा विजय मिळवला होता. या वेळीही ते जिंकले, तर सलग तीन सुपर बोल जिंकणारा पहिला संघ ठरतील. कोण जिंकेल याचे अंदाज सगळीकडे चालूच आहेत. मला मात्र डावपेचांच्या एका प्रश्नावर सविस्तर चर्चा हवी आहे.

ईगल्सच्या बचावाने चीफ्सच्या पॅट्रिक माहोम्सवर, म्हणजे त्यांच्या क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर), ब्लिट्झ करावा का?

जे हा खेळ नव्याने पाहत आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बचावाचे अकरा खेळाडू असतात. त्यांपैकी साधारण चार जण क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून जातात आणि उरलेले सात मागे राहून पास अडवतात. पाचवा किंवा सहावा खेळाडूही पुढे सोडला की त्याला ब्लिट्झ म्हणतात. क्वार्टरबॅकला वेळ कमी मिळतो हा त्याचा फायदा, आणि मागे माणसे कमी पडून मोठी जागा मोकळी राहते हा तोटा. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडले की त्याला सॅक म्हणतात.

माझे मत स्पष्ट आहे. ईगल्सच्या बचावाचे प्रमुख विक फँजिओ यांनी एकदाही ब्लिट्झ करू नये. माहोम्स ब्लिट्झ ओळखण्यात तरबेज आहे आणि ज्या दिशेने जास्तीचा माणूस येतो तिकडेच तो चेंडू काढून टाकतो. सुपर बोलमध्ये त्याचा खरा दारुण पराभव एकदाच झाला आहे, फेब्रुवारी २०२१ मध्ये टँपा बेविरुद्ध, ३१-९. त्या दिवशी टँपाने ब्लिट्झ जवळपास केलाच नव्हता. चौघांनीच त्याला संपूर्ण सामनाभर पळवले आणि मागे दोन सेफ्टी, म्हणजे बचावाचे सर्वांत मागचे खेळाडू, खोल उभे राहिले.

ईगल्सच्या जेलन कार्टर, जॉश स्वेट, मिल्टन विल्यम्स आणि नोलन स्मिथ यांच्यात ती कुवत आहे असे मला वाटते. आपले म्हणणे मांडावे.

प्रेअरीवासी | ४ फेब्रुवारी, रात्री ९.२५

मुळाकाठ, मांडणी उत्तम आहे, पण आमच्या कॅन्सस सिटीत तुमच्या फँजिओंचे नाव काढले की लोक फक्त हसतात. डेन्व्हरचे मुख्य प्रशिक्षक म्हणून २०१९ ते २०२१ या काळात ते चीफ्सविरुद्ध सहा सामने हरले. २०२३ मध्ये मायामीच्या बचावाचे प्रमुख म्हणून आणखी दोन हरले. एकूण आठपैकी आठ. ज्या गृहस्थांची पद्धत आठ वेळा निष्फळ ठरली, त्यांनी नवव्या वेळीही तीच वापरावी असा सल्ला देण्यास बरेच धैर्य लागते.

शिवाय टँपाविरुद्धच्या त्या सामन्यात आमचे दोन्ही नेहमीचे टॅकल (क्वार्टरबॅकचे संरक्षण करणाऱ्या रांगेतील कडेचे खेळाडू) दुखापतीमुळे बाहेर होते. ती परिस्थिती आणि आजची परिस्थिती एक नाही.

पहाटपाळी | ४ फेब्रुवारी, रात्री ९.३१

भारतात सामना सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो. ब्लिट्झ करा वा न करा, घरचा पहिला सॅक माझाच होणार आहे.

रेवा_क | ४ फेब्रुवारी, रात्री १०.०२

मी या खेळात अगदी नवखी आहे. नवऱ्यामुळे सामने बघते आणि निम्मे समजत नाहीत. माझा प्रश्न साधा आहे: चारच जण धावून गेले आणि बाकीचे मागे खोल राहिले, तर समोरच्या संघाला छोटे छोटे पास फुकट मिळणार नाहीत का?

मुळाकाठ | ४ फेब्रुवारी, रात्री १०.२०

रेवाताई, तुमचा प्रश्न नवखा मुळीच नाही, फँजिओंच्या सगळ्या पद्धतीवरचा आक्षेप तोच आहे. क्रिकेटमध्ये कर्णधार सीमारेषेवर क्षेत्ररक्षक पसरून एकेरी धावा देतो आणि चौकार अडवतो, तसा हा विचार आहे. फलंदाजाला संयम सुटेपर्यंत थांबवायचे.

तिसरा_डाऊन | ४ फेब्रुवारी, रात्री १०.४८

ही तुलना अर्धीच लागू पडते. क्रिकेटमध्ये एकेरी धाव घेतल्याने पुढचा चेंडू सोपा होत नाही. इथे चार प्रयत्नांत (प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात) दहा यार्ड पुरे केले की पुन्हा चार नवे प्रयत्न मिळतात, म्हणजे एकेऱ्या जमवूनच माणूस सीमेपर्यंत पोहोचतो. म्हणून फँजिओंची पद्धत नुसत्या संयमावर चालत नाही. छोटा पास झेलणारा तिथल्या तिथे, एका यार्डाचीही भर न घालता खाली पाडावा लागतो. या मोसमात ईगल्सचा बचाव, दिलेल्या यार्डांच्या हिशेबाने, संपूर्ण लीगमध्ये पहिला आला तो या पाडण्यामुळे. झॅक बॉन आणि कूपर डिजीन हे दोघे या कामाचे खरे मानकरी आहेत. डिजीन आणि क्विनियन मिचेल हे तर पहिल्याच वर्षाचे खेळाडू आहेत.

आता प्रेअरीवासींच्या आठ पराभवांकडे वळतो. डेन्व्हरच्या त्या सहा सामन्यांतील निकाल काढून पाहावेत: ३०-६, २३-३, ४३-१६, २२-१६, २२-९, २८-२४. चीफ्सना तीस किंवा त्याहून अधिक गुण किती वेळा मिळाले? दोनदा. आणि पहिल्या पाच सामन्यांत डेन्व्हरने केलेले गुण बघा: ६, ३, १६, १६, ९. एवढ्यावर कोणताही बचाव सामना जिंकून देऊ शकत नाही. माहोम्सला बावीस गुणांवर रोखणारा प्रशिक्षक हरला, कारण त्याच्याकडे क्वार्टरबॅक नव्हता. आज त्याच्याकडे क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स आहे आणि चेंडू घेऊन धावणारा सेक्वॉन बार्कली आहे.

प्रेअरीवासी | ४ फेब्रुवारी, रात्री ११.१५

गुणांचा हिशेब मान्य आहे, परंतु त्यातून निघणारा अर्थ मान्य नाही. आघाडी हातात असताना आमचे मुख्य प्रशिक्षक अँडी रीड जोखीम घेत नाहीत. समोरचा संघ नऊ गुणांवर अडकला असेल, तर बावीस पुरेसे असतात. पस्तीस लागले असते तर पस्तीस केले असते, आणि दोन वर्षांपूर्वी ॲरिझोनात ते करूनच दाखवले आहे.

त्या सामन्याचा तपशील ईगल्सचे समर्थक सोयीस्करपणे विसरतात. त्या मोसमात त्यांच्या बचावाने ७० सॅक केले होते. मग सुपर बोलमध्ये किती केले? एकही नाही. माहोम्सचा घोटा दुखावलेला होता, मध्यंतराला ईगल्स २४-१४ असे पुढे होते, तरीही एकही नाही. रीड यांनी काय केले, तर चेंडू लवकर सोडला आणि खेळ सुरू होण्याआधी कडेच्या खेळाडूला आत पळवून अचानक परत फिरवले. ईगल्सचे कॉर्नरबॅक, म्हणजे कडेच्या खेळाडूंना अडवणारे, गोंधळले आणि आमचे तोनी व मूर हे दोघे अक्षरशः चालत टचडाऊनच्या रेषेत गेले. चार धावून गेले काय आणि सहा गेले काय, चेंडू हातातच नसेल तर पकडणार कोणाला?

गवतफुला | ४ फेब्रुवारी, रात्री ११.२२

त्या दिवशी मैदान इतके निसरडे होते की दोन्ही संघ बूट बदलत होते. पास रश करणाऱ्याला, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्याला, पाय रोवताच आला नाही तर सॅक कुठून होणार? सुपरडोम बंदिस्त आहे आणि हिरवळ कृत्रिम आहे.

प्रेअरीवासी | ४ फेब्रुवारी, रात्री ११.२६

निसरडे मैदान आमच्यासाठी वेगळे अंथरले नव्हते.

एडिसनकर_मीनल | ५ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

मी न्यू जर्सीत राहते आणि जायंट्सची समर्थक आहे, त्यामुळे या धाग्यावर लिहिताना माझी मनःस्थिती काय असेल याची वाचकांनी कल्पना करावी. सहा वर्षे आमच्याकडे असलेला बार्कली गेल्या मार्चमध्ये ईगल्सकडे गेला आणि पहिल्याच मोसमात २००५ यार्ड धावला, तेही शेवटच्या सामन्यात विश्रांती घेऊन. एरिक डिकरसन यांचा १९८४ चा २१०५ यार्डांचा विक्रम मोडायला त्याला १०१ यार्ड हवे होते. रविवारी त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस आहे. मी शुभेच्छा देणार नाही.

पण मुद्द्याचे बोलते. तुम्ही सगळे चर्चा उलट्या टोकाने करत आहात. माहोम्सला कसे अडवायचे हा प्रश्न दरवर्षीचाच आहे. या सामन्याचा खरा प्रश्न चीफ्सच्या बचावाचे प्रमुख स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांच्यापुढे आहे: त्यांच्याकडे जो एक जास्तीचा माणूस आहे, तो कुठे उभा करायचा? बार्कलीला अडवण्यासाठी सेफ्टी खाली आणला, तर ए. जे. ब्राउन आणि डेव्होंटा स्मिथ या पास झेलणाऱ्यांसमोर एकेकटा कॉर्नरबॅक उरतो. ॲरिझोनात ब्राउनने चीफ्सच्या ट्रेंट मकडफीच्या डोक्यावरून ४५ यार्डांचा टचडाऊन पास झेलला होता, हे स्पॅग्नुओलो विसरले नसतील. सेफ्टी मागे ठेवला, तर बार्कलीपुढे केवळ सहा-सात जण राहतात आणि समोर जॉर्डन मायलाटा व लेन जॉन्सन यांच्यासारखे टॅकल. रॅम्सविरुद्ध बर्फात त्याने ७८ आणि ६२ यार्डांच्या दोन धावा काढल्या. वॉशिंग्टनविरुद्ध आक्रमणाच्या पहिल्याच खेळीत ६० यार्ड. त्याचा धोका चार-चार यार्डांत नाही, एका खेळीत सामना फिरवण्यात आहे.

तिसरा_डाऊन | ५ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

मीनलताईंशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र स्पॅग्नुओलो हा जास्तीचा माणूस बार्कलीसाठी वापरणार नाहीत, हर्ट्ससाठी वापरतील असा माझा अंदाज आहे. हर्ट्सचा इतिहास ब्लिट्झपुढे डळमळीत आहे. २०२३ मध्ये ईगल्स १०-१ अशा स्थितीतून ११-६ वर घसरले आणि प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात टँपाकडून ३२-९ असे हरले. त्या सामन्यात टँपाचे मुख्य प्रशिक्षक टॉड बोल्स यांनी ब्लिट्झचा मारा केला होता. या मोसमातही सप्टेंबरमध्ये टँपानेच त्यांना ३३-१६ असे हरवले आणि हर्ट्सला सहा वेळा पाडले, अर्थात त्या दिवशी ब्राउन आणि स्मिथ दोघेही खेळत नव्हते.

आता गंमत बघा. मुळाकाठ यांनी धाग्याच्या सुरुवातीला ज्या २०२१ च्या सामन्याचा दाखला दिला, त्यात टँपाच्या बचावाचे प्रमुख हेच टॉड बोल्स होते. एरवी सतत ब्लिट्झ करणारा माणूस माहोम्ससमोर आला तेव्हा त्याने आपली सवय मोडली, आणि हर्ट्ससमोर आला तेव्हा पूर्ण जोमाने वापरली. एकाच प्रशिक्षकाने दोन क्वार्टरबॅकना दिलेली ही दोन उत्तरे रविवारच्या सामन्यालाही लागू होतात असे मला वाटते. चीफ्सनी ब्लिट्झ करावा, ईगल्सनी करू नये.

मुळाकाठ | ५ फेब्रुवारी, सकाळी ९.३५

बोल्स यांचा हा धागा फार नेमका पकडलात. त्यात भर घालतो: स्पॅग्नुओलो यांचा स्वतःचा सर्वांत गाजलेला विजय चौघांच्याच जोरावर झाला होता. फेब्रुवारी २००८ मध्ये ते जायंट्सच्या बचावाचे प्रमुख होते आणि त्यांच्या पास रशने तोवर अपराजित असलेल्या न्यू इंग्लंडला १७-१४ असे नमवले.

एडिसनकर_मीनल | ५ फेब्रुवारी, सकाळी ९.४१

आता कुठे या धाग्यावर चांगले काहीतरी वाचायला मिळाले.

गवतफुला | ५ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

पण स्पॅग्नुओलो यांच्या ब्लिट्झची वेळ वेगळी असते. ते सामनाभर सरसकट माणसे सोडत नाहीत, निर्णायक खेळीसाठी राखून ठेवतात. बफेलोविरुद्ध २६ जानेवारीला हेच झाले. चीफ्स ३२-२९ पुढे होते, दोन मिनिटे उरली होती, बफेलोचा चौथा डाऊन आणि पाच यार्ड. मकडफी कडेने इतक्या मोकळेपणाने आत शिरला की जॉश ॲलनला मागे पळत पळत चेंडू भिरकवावा लागला आणि किनकेडच्या हातून तो निसटला. या मोसमात एका ताब्याच्या, म्हणजे आठ गुणांपर्यंतच्या, अंतराचे सगळे सामने चीफ्सनी जिंकले आहेत. त्याला दैव म्हणणाऱ्यांनी ती एक खेळी पुन्हा पाहावी.

पहाटपाळी | ५ फेब्रुवारी, दुपारी १२.४४

आणि हर्ट्सला मागून ढकलण्याच्या ईगल्सच्या त्या खेळीचे काय? वॉशिंग्टनचा लूवू त्या ढिगावरून उड्या मारत राहिला आणि शेवटी पंचांनी जाहीर केले की असेच चालू राहिले तर गुणच देऊन टाकू. एवढे वैतागलेले पंच मी आमच्या सोसायटीच्या सभेतही पाहिलेले नाहीत.

तिसरा_डाऊन | ५ फेब्रुवारी, दुपारी १.२०

ही ढकलण्याची खेळी, म्हणजे टश पुश, हा विनोदाचा विषय झाला असला, तरी डावपेचात त्याचे वजन मोठे आहे. ईगल्सना तिसऱ्या डाऊनला दहा यार्ड काढावे लागत नाहीत, नऊ पुरतात. उरलेला एक यार्ड चौथ्या डाऊनला ढकलून मिळतो असा त्यांचा विश्वास आहे. त्यामुळे तिसऱ्या डाऊनलाही ते धाव घेऊ शकतात आणि ब्लिट्झ करणाऱ्या बचावाला पासची खात्री धरता येत नाही. चीफ्सनी बफेलोच्या ॲलनला अशा छोट्या अंतरावर वारंवार अडवले, त्यात चौथ्या सत्रातील चौथा डाऊनही होता. तो अनुभव कामी येईल. पण हर्ट्सच्या पायांतील ताकद आणि ईगल्सच्या मधल्या तिघांचे वजन बफेलोकडे नव्हते. प्रश्न त्या मधल्या तिघांच्या प्रकृतीचा आहे. गेल्या सामन्यात सेंटर (रांगेतील मधला खेळाडू) जर्गन्स पाठीच्या दुखण्यामुळे सुरुवातीला बसला, त्याच्या जागी गेलेला लँडन डिकरसन गुडघ्यामुळे बाहेर आला, आणि मग जर्गन्सलाच उतरावे लागले. समोर चीफ्सच्या बचावातला ख्रिस जोन्स असणार आहे.

प्रेअरीवासी | ५ फेब्रुवारी, सायंकाळी ६.०५

एक गोष्ट कोणीच बोलले नाही. सामना तीन गुणांच्या अंतरावर आला, तर शेवटी लाथ मारणाऱ्याकडे जावे लागते. तुमचा जेक एलियट या मोसमात ५० यार्डांपलीकडच्या सात प्रयत्नांपैकी एकच यशस्वी करू शकला. आमच्या बटकरने ॲरिझोनात आठ सेकंद उरले असताना सामना जिंकून दिला होता. म्हणून चाळीस यार्डांच्या रेषेच्या आसपास दोन्ही प्रशिक्षकांचे निर्णय वेगळे असतील, आणि ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक निक सिरियानी यांना तिथे चौथ्या डाऊनला खेळावेच लागेल.

मुळाकाठ | ५ फेब्रुवारी, रात्री ८.१५

एलियटचा मुद्दा दुखरा आहे आणि खरा आहे.

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण त्यातला एक भाग अजून कोणी उलगडलेला नाही. प्रेअरीवासी म्हणतात की त्या टँपाच्या सामन्यात टॅकल नव्हते आणि आज परिस्थिती वेगळी आहे. खरोखर वेगळी आहे का? या मोसमात चीफ्सनी डाव्या टॅकलच्या जागी एकामागून एक माणसे वापरून पाहिली: सुआमाताया, वान्या मॉरिस, हम्फ्रीज. अखेर डिसेंबरमध्ये जो थुनी या आपल्या सर्वोत्तम गार्डला (टॅकलच्या आतल्या बाजूच्या खेळाडूला) त्यांनी तिकडे सरकवले. तो तिथे समाधानकारक खेळला हे मान्य करावे लागेल. पण त्यामुळे त्याच्या मूळ जागेवर माइक कॅलिएन्डो आला, आणि एक भोक बुजवताना दुसरे उघडे पडले. माहोम्स या मोसमात ३६ वेळा पाडला गेला, त्याच्या कारकिर्दीत इतका कधीच नाही.

आता ईगल्सची ताकद बघा. ती मधोमध आहे: कार्टर, विल्यम्स, जॉर्डन डेव्हिस. रॅम्सविरुद्ध शेवटच्या मिनिटांत सामना कार्टरनेच वाचवला, मध्यातून घुसून स्टॅफर्डला पाडून. माहोम्सला कडेने आलेला दबाव त्रास देत नाही, कारण तो पुढे सरकून निसटतो. तोंडासमोरून दबाव आला की पुढे सरकायला जागाच उरत नाही, आणि मग तो मागे व बाजूला पळू लागतो. कार्टरला दोघांनी अडवले, तर विल्यम्सला एकट्या कॅलिएन्डोशी सामना मिळेल. यासाठी पाचवा माणूस लागतच नाही.

रेवा_क | ५ फेब्रुवारी, रात्री ८.५०

मग पास झेलणाऱ्या चीफ्सच्या केल्सीला कोण धरणार? नवरा म्हणतो की बाकी सगळे अडले की माहोम्स डोळे मिटून त्याच्याकडेच चेंडू देतो.

तिसरा_डाऊन | ५ फेब्रुवारी, रात्री ९.१५

यजमान बरोबर सांगत आहेत. ब्लिट्झ न करण्याचा सर्वांत मोठा लाभ तिथेच आहे. सात जण मागे असतील तर बॉनला केल्सीच्या पुढे आणि सेफ्टीला त्याच्या मागे ठेवता येते, डिजीन मधल्या भागात मोकळा राहतो, आणि चीफ्सच्या झेव्हियर वर्दीच्या वेगाची काळजी खोल उभे असलेले घेतात. पाचवा माणूस पुढे पाठवला की तो बहुधा बॉनच असतो आणि केल्सीचे अंगण रिकामे होते.

मात्र मुळाकाठ यांच्या "एकदाही नाही" या हट्टाशी मी सहमत नाही. दोनतीन वेळा तरी सोडावाच. सामनाभर काहीच आले नाही, तर माहोम्स तिसऱ्या सत्रापासून निवांत होईल आणि रीड यांची आत पळवून परत फिरवण्याची युक्ती पुन्हा सुरू होईल. किमान भीती तरी राहिली पाहिजे.

मुळाकाठ | ५ फेब्रुवारी, रात्री ९.३०

भीती कार्टरची पुरेशी आहे. मी एकावरही राजी नाही.

प्रेअरीवासी | ५ फेब्रुवारी, रात्री ९.५२

मी मुळाकाठ यांच्या बाजूने आहे, त्यांनी अजिबात ब्लिट्झ करू नये. माहोम्सला तीन सेकंद मिळाले तर आम्हाला हवेच आहे. शिवाय तो पळतोही. ॲरिझोनात त्याच दुखऱ्या घोट्यावर शेवटच्या आक्रमणात २६ यार्ड धावला होता, आणि चौघे कडेने पुढे निघून गेले की मधली वाट मोकळी मिळते. चीफ्स २७, ईगल्स २४.

गवतफुला | ५ फेब्रुवारी, रात्री १०.०५

ती धाव म्हणूनच कार्टर आणि विल्यम्सना मधोमध ठाण मांडावे लागेल, नुसते घुसून चालणार नाही. ईगल्स ३०, चीफ्स २३. एलियटकडे चेंडू न जाता.

एडिसनकर_मीनल | ५ फेब्रुवारी, रात्री १०.१२

दोघेही हरावेत अशी माझी इच्छा आहे. नियमांत त्याची सोय असल्यास कळवावे.

पहाटपाळी | ५ फेब्रुवारी, रात्री १०.२०

सोय नाही. बरोबरी झाली तर जादा वेळ खेळतात, आणि मी नऊला कार्यालयात पोहोचायचे असते. कृपया कोणीतरी चौथ्या सत्रात आघाडी घ्यावी.